मिरजेचे डॉक्टर वानलेस

पुसेगाव व त्याच्या भोवतालच्या खेड्यांतील मंडळींत फिरत असता आम्हांस पुष्कळ वेळा असे दिसून येते की, घरातील वृद्ध माणसाच्या डोळ्यांपुढे धुके दाटू लागले म्हणजे घरची माणसे ते वयाचे फळ समजून स्वस्थ बसतात. कोणी झाडपाल्याचा रस डोळ्यांत घालितात, कोणी दैवास बोल लावितात. अशा घरांकरिता आज आम्ही डॉक्टर वानलेस यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहो.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यू यॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १८८९ साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने सांगलीस आले. त्यांच्या पत्नी मेरीबाई या परिचारिकेचे काम शिकलेल्या असून त्याही बरोबर आल्या. प्रथम सांगलीत लहानसा दवाखाना चालला. १८९२ साली हे काम मिरजेस नेण्यात आले आणि फिलाडेल्फिया शहरच्या एका दानशूर गृहस्थांच्या साहाय्याने १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले. मिरज हे रेल्वेचे ठिकाण असल्यामुळे दूरदूरचे रोगी येऊ लागले. त्यांत काठी धरून येणारे अंध पुष्कळ असत.

त्या अंधांपैकी अनेकांस मोतीबिंदूचा विकार असे. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. ते गढूळ झाले म्हणजे उजेड आत शिरत नाही व बाहुली पांढरट दिसू लागते. यावर आपल्या देशात प्राचीन काळापासून एक उपाय चालत आला होता. फिरस्ता वैद्य डोळ्यात सुई घालून ते भिंग मागे पाडीत असे. वाट मोकळी झाल्याने रोग्यास तत्काळ दिसू लागे, घरात आनंद होई, आणि वैद्य आपली दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जाई. परंतु पाडलेले भिंग डोळ्यातच राही. पुढे पुष्कळांचे डोळे सुजत, ठणकत व कायमचे जात. तेव्हा तो वैद्य कोठे असे? त्यास आपल्या हातून काय झाले हे कळतच नसे. म्हणून पिढ्यानुपिढ्या हात चालला, पण ज्ञान वाढले नाही.

रुग्णालयाची रीत निराळी होती. बुबुळाच्या कडेस बारीक छेद घेऊन गढूळ भिंग बाहेर काढण्याची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्स देशातील दाव्हिएल नामक शल्यवैद्याने प्रचारात आणिली. १८८४ साली कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करिता येतो हा शोध लागला. त्यानंतर पाचच वर्षांनी वानलेस या देशी आले. शस्त्रक्रिया झाल्यावर रोग्यास डोळे बांधून काही दिवस निश्चल पडून राहावे लागे. पट्टी सुटे तेव्हा डॉक्टर जवळ असत. डोळा चांगला झाला तर तो का झाला आणि बिघडला तर तो का बिघडला, हे त्यांस स्वतः पाहावे लागे. आमच्या मते खरा भेद येथेच आहे. आपल्या कामाचे फळ, कडू असो वा गोड, जो थांबून पाहतो तोच शिकतो.

याच मार्गाने त्या काळी इतर रुग्णालयांतही शोध चालला होता. मुंबईच्या नेत्ररुग्णालयात डॉक्टर हर्बर्ट यांनी मोतीबिंदू काढण्याच्या बारीकसारीक रीतींवर ग्रंथ लिहिला. मद्रासच्या नेत्ररुग्णालयात डॉक्टर एलियट यांनी सुईने बिघडलेले डोळे एकामागून एक तपासले आणि १९१७ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध करून सुईच्या उपायाची हानी जगापुढे मांडिली.

वानलेस यांनी हे ज्ञान आपल्याच हाती ठेविले नाही. १८९७ साली मिरजेस वैद्यकीचे शिक्षण सुरू झाले व या देशातील तरुण तेथे तयार होऊ लागले. परिचारिकांचेही शिक्षण चालले. एका परक्या मनुष्याचे दोन हात किती अंधांस पुरणार? शिकविलेले हात मात्र गावोगाव जाऊ शकतात. मेरीबाईंचे नाव कोल्हापूरच्या रुग्णालयास दिलेले आहे, आणि क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामामुळे वानलेसवाडी हे नाव सर्वतोमुखी झाले. १९२८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच साली ते सेवानिवृत्त होऊन अमेरिकेस परतले व १९३३ साली कॅलिफोर्निया येथे मरण पावले.

तेव्हापासून ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. १९४९ साली लंडन येथे रिडली नामक डॉक्टरांनी काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले. आज आपल्या देशातही तसेच करितात, आणि बहुधा रोगी त्याच दिवशी घरी जातो. जाड काचांच्या चष्म्याची गरज उरली नाही. अंधत्व निवारणाचा सरकारी कार्यक्रम १९७६ सालापासून चालू असून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

तर मग उणीव कशाची? पुष्कळदा बरोबर जाणाऱ्या माणसाची! वृद्ध विधवेस एकटीने तालुक्याच्या गावी जाणे होत नाही. मुले कामावर असतात, सुनेस घर सोडवत नाही, आणि म्हातारी आपले दुःख बोलत नाही. म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, घरोघर भेटी देताना वृद्धांच्या डोळ्यांकडे लक्ष द्यावे. पांढरट बाहुली दिसल्यास प्रार्थना करूनच उठू नये. जाण्याचा दिवस ठरवूनच उठावे, आणि त्या दिवशी स्वतः हात धरून न्यावे. तसेच शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल झाला, ठणकू लागला किंवा कमी दिसू लागले, तर क्षणाचाही विलंब न करिता पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. पट्टी सुटल्यावरही जो चौकशीस येतो, त्यानेच डॉक्टर वानलेस यांचे चरित्र खरे वाचिले असे आम्ही समजू.