अठ्ठेचाळिसाव्या वर्षीची विद्यार्थिनी

चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी यायचं, मुलांचं बघायचं, संध्याकाळचा स्वयंपाक उरकायचा आणि रात्री सगळे झोपल्यावर पुस्तक उघडायचं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात अशा कितीतरी जणी आहेत. कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसते, कुणी मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते. आणि घरचे, शेजारचे विचारतात, आता या वयात शिकून काय करायचंय? मैत्रिणींनो, हा प्रश्न फार जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या हिंगण्यात पार्वतीबाई आठवल्यांनी त्याला कृतीनं उत्तर दिलं.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखच्या जोशी घराण्यातला. माहेरचं नाव कृष्णा. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोव्यात नोकरीला. पण संसार फार काळ टिकला नाही. विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरात मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं आणि पुढचं सारं आयुष्य माहेरच्या स्वयंपाकघरात जाणार, हे जणू ठरूनच गेलं.

त्यांची बहीण गोदूबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे, हीसुद्धा विधवा होती. मुंबईत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकली आणि १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांशी तिनं पुनर्विवाह केला. गावात केवढा गहजब झाला असेल, कल्पना करा! पण याच बहिणीमुळे पार्वतीबाईंना पुण्याची वाट दिसली. अण्णांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला होता. पंचविशी ओलांडलेल्या पार्वतीबाईंनी अण्णांच्या आधारानं अभ्यासाला सुरुवात केली.

मोठेपणी शिकणं सोपं नसतं. लहान मुलाला पाठ व्हायला वेळ लागत नाही. आपलं मात्र अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे आणि अर्धं मुलाच्या तापाकडे. म्हणूनच आश्रमाचं महत्त्व मोठं. तिथे नुसते धडे नव्हते. राहायला जागा होती, दोन वेळचं जेवण होतं आणि आपल्यासारख्याच बायकांची सोबत होती. एवढं मिळालं तेव्हा कुठे शिकणं जमलं. पार्वतीबाई शिकल्या, आश्रमात शिकवू लागल्या, पुढे तिथली व्यवस्थाही त्यांनी सांभाळली. चाळिशीनंतर त्यांनी केशवपनाची रूढीही स्वतःपुरती मोडली.

आश्रम चालवायचा तर पैसा हवा. वर्गणीसाठी त्या गावोगाव फिरल्या, परप्रांतातही गेल्या. अनोळखी लोकांसमोर उभं राहून बोलायला शिकल्या. इथे एक उणीव मात्र सारखी टोचायची, ती म्हणजे इंग्रजी. अभ्यास सुरू करावा आणि वर्गणीच्या फिरतीत तो मागे पडावा, असं व्हायचं. शेवटी त्यांनी ठरवलं, जिथे ही भाषा बोलतात तिथेच जाऊन शिकायची.

१९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या. जवळ पैसा बेताचा. मग काय केलं? लोकांच्या घरी घरकाम केलं. भांडी घासली, स्वयंपाक केला, त्यातून पोट भरलं आणि शिकल्या. हिंगण्यात जिला सगळे मान द्यायचे, ती तिथे मोलकरीण झाली. त्याची त्यांनी लाज बाळगली नाही. १९२० मध्ये त्या परत आल्या आणि पुन्हा संस्थेच्या कामाला लागल्या. नंतर त्यांनी आपली कहाणी मराठीत लिहून काढली, तिचं इंग्रजी भाषांतरही झालं. १९५५ मध्ये त्या गेल्या.

आज हिंगण्याचं कर्वेनगर झालंय. पुण्यात आणि नाशिकला सोयी आल्या. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. तरीही अडतं कुठे? फीपेक्षा जास्त वेळा वेळावर अडतं. परीक्षेच्या दिवशी शिफ्ट बदलून मिळत नाही, मुलाला सांभाळायला कुणी नसतं, घरी अभ्यासाला एक कोपरा नसतो. अशा बाईला शाबासकीच्या आधी सोय लागते. पार्वतीबाईंना ती बहिणीनं आणि अण्णांनी दिली होती.

तेव्हा तुमच्या शेजारची एखादी जण परीक्षेला बसत असेल, तर तिचं वय विचारू नका. पेपरच्या दिवशी तिची मुलं आपल्याकडे ठेवून घ्या. आणि ती जण तुम्हीच असाल, तर मुलं कुणाकडे ठेवू, हे विचारायला लाजू नका.