न कोसळणारे विमान : हुआन द ला सिएर्वा

स्पेनच्या आग्नेय भागातील मुर्सिया या शहरी २१ सप्टेंबर १८९५ रोजी हुआन द ला सिएर्वा याचा जन्म झाला. तो आठ वर्षांचा असताना अमेरिकेत राइट बंधूंचे विमान आकाशात झेपावले. पुढे त्या वार्तेने युरोपातील कितीतरी मुलांना वेड लावले. हुआन त्यांपैकीच एक होता. इ. स. १९१२ मध्ये, ऐन पौगंडावस्थेत, त्याने दोन मित्रांच्या साहाय्याने मोडक्या विमानाचे इंजिन मिळवून एक नवे विमान उभे केले. तांबड्या रंगामुळे त्याला ‘खेकडा’ हे नाव पडले. हा खेकडा खरोखरच उडाला!

पुढे हुआन माद्रिदला राहून स्थापत्य अभियंता झाला. परंतु विमानाचा ध्यास सुटला नाही. इ. स. १९१९ मध्ये त्याने तीन इंजिनांचे एक मोठे विमान बांधले. चाचणीच्या वेळी जमिनीलगत वळण घेताना त्याचा वेग मंदावला आणि ते कोसळले. वैमानिक सुदैवाने वाचला. पण हुआनचे मन अस्वस्थ झाले. विमानाचे पंख स्थिर असतात. विमान वेगाने पुढे गेले तरच वाहत्या हवेचा आधार त्यांना मिळतो. वेग फार घटला की तो आधार तुटतो. मग विमान थांबले तरी पंख फिरतेच राहिले तर?

जत्रेतील भिरभिरे हाती धरून मूल धावू लागले की ते वाऱ्याने आपोआप फिरते. हुआनच्या यंत्राचे तत्त्व असेच होते. पुढचे इंजिन विमानाला ओढी, आणि डोक्यावरची लांब पाती केवळ वाऱ्याने फिरून त्याला तोलून धरीत. इंजिन बंद पडले तरी खाली येताना लागणाऱ्या वाऱ्याने ती फिरतच राहत. या यंत्राला त्याने ‘ऑटोजायरो’ हे नाव दिले.

कल्पना उत्तम होती. परंतु एकामागून एक बांधलेली तीन यंत्रे वेग घेताच एका बाजूस कलंडली. लहान प्रतिकृती मात्र सरळ उडे. असे का व्हावे? विचारान्ती उलगडा झाला. समोरच्या वाऱ्याला सामोरे जाणारे पाते अधिक भार उचली, तर मागे जाणारे पाते कमी. त्यामुळे मोठ्या यंत्राचा तोल जाई. प्रतिकृतीची पाती लवचिक असल्याने ती वरखाली वाकून हा फरक भरून काढीत. तेव्हा हुआनने मोठ्या यंत्राच्या प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसविली. दाराला असते तशी साधी बिजागरी! आता पाती वरखाली हलू लागली आणि तोल साधला.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळील खेताफे येथे हे चौथे यंत्र उडाले. त्याच महिन्यात एकदा उड्डाण होताच त्याचे इंजिन बंद पडले. साधे विमान आपटले असते. ऑटोजायरो मात्र अलगद जमिनीवर उतरले. अपयशातून उचललेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

इ. स. १९२५ मध्ये इंग्लंडमधील फार्नबरो येथे त्याचे प्रात्यक्षिक झाले. हुआन स्वतःही विमान चालविण्यास शिकला आणि १८ सप्टेंबर १९२८ रोजी ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला पोहोचला. इ. स. १९३४ मध्ये त्याचे यंत्र एका स्पॅनिश जहाजावर उतरले व तेथूनच पुन्हा उडाले.

दैवाची गती मात्र विचित्र असते. ९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनजवळील क्रॉयडन येथून हुआन प्रवासी विमानाने निघाला. दाट धुक्यात ते विमान एका घरावर आदळले आणि त्यात त्याचा अंत झाला. माणसाला आकाशातून सुखरूप उतरता यावे म्हणून झटणारा हा संशोधक अवघ्या ४१ व्या वर्षी साध्या विमानाच्या अपघातात गेला.

ऑटोजायरोला हवेत एका जागी स्थिर राहता येत नसे. ती उणीव पुढे हेलिकॉप्टरने भरून काढली. परंतु फिरत्या पात्यांचा तोल कसा राखावा, हा धडा हेलिकॉप्टर बांधणाऱ्यांनी हुआनपासूनच घेतला. पुराने वेढलेल्या घराच्या छतावरून माणसांना उचलून नेणारे हेलिकॉप्टर पाहताना त्याची पाती आपल्याला दिसतात. त्या पात्यांना तोल शिकविणारी साधी बिजागरी मात्र तीन पराभव पचविलेल्या एका तरुणाच्या चिकाटीचे फळ होय.