एका साध्या प्रश्नाने अर्थशास्त्रज्ञांना घाम फोडणारी जोन रॉबिन्सन

१९२६ साली एक इंग्रज जोडपं ग्वाल्हेरला राहायला आलं. नवरा ऑस्टिन रॉबिन्सन हे लहानग्या जिवाजीराव शिंदे महाराजांचे शिक्षक. सोबत आलेली त्यांची बायको म्हणजे जोन, वय अवघं २२.

जोन केंब्रिजला अर्थशास्त्र शिकली होती, पण पदवीशिवाय. कारण केंब्रिज तेव्हा बायकांना पूर्ण पदवी देतच नव्हतं. ते सुरू झालं थेट १९४८ मध्ये.

दोन वर्षांनी ती परतली आणि १९३३ मध्ये तिचं पहिलं गाजलेलं पुस्तक आलं. बाजारात स्पर्धा असते आणि प्रत्येकाला कामाचा योग्य मोबदला मिळतो, असं तेव्हा शिकवलं जायचं. जोनने दाखवलं की गावात नोकरी देणारा एकच कारखाना असेल, तर मजुराला त्याच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी पगार मिळतो. दोष मजुराचा नसतो, त्याला दुसरीकडे जायला जागाच नसते.

पुढे ती केन्सच्या गोटातली महत्त्वाची अर्थतज्ज्ञ झाली. १९५३-५४ मध्ये तिने खरा बॉम्ब टाकला. भांडवल मोजायचं कशात?

ट्रॅक्टर, यंत्रमाग आणि गोदाम यांची बेरीज करायची तर त्यांची किंमत लागते. किंमत ठरवायला नफ्याचा दर लागतो. आणि पुस्तकं तर सांगत होती की नफ्याचा दर भांडवल किती आहे यावरून ठरतो. म्हणजे कोंबडी आधी की अंडं?

यावरून इंग्लंडचं केंब्रिज विरुद्ध अमेरिकेचं केंब्रिज असा वाद अनेक वर्षं रंगला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या पॉल सॅम्युअलसन यांनी त्यातल्या एका कळीच्या मुद्द्यावर माघार घेतली. तरी पाठ्यपुस्तकं फारशी बदलली नाहीत.

जोनही चुकली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीचं तिने कौतुक केलं. त्या क्रांतीत लाखो माणसं भरडली गेली. इतरांची गृहीतकं तपासणाऱ्या बाईने इथे मात्र डोळे झाकले.

अमर्त्य सेन यांच्या पीएचडीची ती मार्गदर्शक होती, मनमोहन सिंगही तिचे विद्यार्थी. सेन यांना नोबेल मिळालं, सॅम्युअलसन यांनाही मिळालं. जोन मात्र १९८३ मध्ये नोबेलशिवायच गेली. अर्थशास्त्राचं नोबेल पहिल्यांदा एका महिलेला मिळालं ते २००९ मध्ये, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना.

पण बाजारभावाने पगार देतोय, असं कुणी म्हणालं तर तो भाव ठरवतं कोण, हे विचारायला जोनने शिकवलं.