मातांचा कैवारी : डॉ. इग्नाझ सेमेलवाईस

थोरामोठ्यांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. कोणी राज्य मिळविले, कोणी राज्यावर पाणी सोडले, कोणी नवा शोध लावून जगाला चकित केले. ज्याची जीवनकहाणी मी येथे सांगणार आहे, त्याने कोणतेही यंत्र बनविले नाही की नवे औषध शोधले नाही. त्याने डॉक्टरांना फक्त हात धुवायला सांगितले. एवढ्याशा सांगण्यापायी त्याच्या आयुष्याची राखरांगोळी झाली. मी कला शाखेचा विद्यार्थी असूनही ही वैद्यकातील गोष्ट का निवडली, ते शेवटी सांगेन.

इग्नाझ सेमेलवाईस याचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या शहरी झाला. (बुडा आणि नदीपलीकडचे पेस्ट मिळूनच पुढे १८७३ मध्ये बुडापेस्ट झाले.) वडील किराणा मालाचे व्यापारी. घरात दहा भावंडे. त्यांत हा पाचवा. १८३७ मध्ये तो कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेला, पण त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले. १८४४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या प्रचंड सार्वजनिक रुग्णालयात, प्रसूति विभागात, प्राध्यापक क्लाइन यांचा साहाय्यक म्हणून रुजू झाला.

त्या काळी युरोपातील प्रसूतिगृहांत सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतरोगाने, थैमान घातले होते. सुखरूप बाळंत झालेली बाई दोन-तीन दिवसांत तापाने फणफणे आणि पाहता पाहता तान्हे मूल मागे टाकून जाई. व्हिएन्नाच्या या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणींचे शिक्षण चाले. एक दिवस पहिल्या विभागात भरती होई, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात. बायका मात्र पहिल्या विभागाचे नाव काढले की थरथर कापत. दुसरीकडे पाठवा म्हणून गुडघे टेकून विनवण्या करीत. कित्येकींना रस्त्यावरचे बाळंतपण परवडे, पण तो विभाग नको वाटे.

त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या बायकांचे खरे होते. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली आणि १,९८९ माता दगावल्या. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ माता गेल्या. म्हणजे विद्वान डॉक्टरांच्या हाताखाली शंभरात दहा, तर सुइणींच्या हाताखाली शंभरात चारसुद्धा नाहीत! हे आकडे रुग्णालयाच्या वह्यांत होतेच. ते सर्वांना दिसत होते, पण त्यांनी झोप उडाली ती एकट्या सेमेलवाईसची.

त्याने दोन्ही विभाग शेजारी शेजारी ठेवून एकेक कारण तपासायला सुरुवात केली. हवा दूषित म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखीच. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागातच अधिक. आहारही तोच. पहिल्या विभागातून मरणासन्न स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत जात असे. त्या आवाजाची धास्ती बायकांच्या जिवावर बेतते की काय, म्हणून त्याने ती घंटाही बंद करवली. दुसऱ्या विभागात कुशीवर निजवून बाळंतपण करीत, म्हणून तेही करून पाहिले. मृत्यू काही हटेना. रुग्णसेवेतील संशोधन म्हणजे काय, याचा हा धडाच म्हणावा लागेल. प्रयोगशाळेत न बसता, रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून, आपल्या हातून काय चुकते आहे याचा त्याने शोध मांडला होता.

मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का, अकस्मात वारला. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याचा चाकू त्यांच्या बोटाला लागला होता. मित्राच्या शवतपासणीचा अहवाल वाचताना सेमेलवाईसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहवालातील सगळ्या खुणा सूतिकाज्वराच्याच होत्या! मग बाकीचे कोडे उलगडायला वेळ लागला नाही. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणजे मृत्यू हवेतून येत नव्हता, तो डॉक्टरांच्या हातांवर बसून येत होता.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने नियम केला : क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणीही बाळंतिणीला स्पर्श करायचा नाही. हा चुना म्हणजे आपली ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडरच होय. एप्रिलमध्ये शंभरात अठरा माता गेल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास, जुलैमध्ये जेमतेम एक. पुढे १८४८ साली वर्षभरात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले आणि मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही माता दगावली नाही.

एवढे झाल्यावर जगाने त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते. घडले उलटेच. स्कोडा, हेब्रा, रोकितान्स्की हे मोजके विद्वान त्याच्या पाठीशी उभे राहिले. परंतु बहुतेकांना ही गोष्ट झोंबली. आपल्याच हातांनी आपण माता मारल्या, हे कोणत्या प्रतिष्ठित डॉक्टरला मान्य होणार? रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते, त्यामुळे हाताला नेमके काय चिकटते हे सेमेलवाईसलाही दाखविता येईना. शिवाय त्याचाही दोष होता. त्याने आपले संशोधन वेळेवर लिहून प्रसिद्ध केले नाही. १८४९ मध्ये त्याची नेमणूक संपली, ती पुन्हा मिळाली नाही आणि १८५० मध्ये जिवलग मित्रांनाही न सांगता तो व्हिएन्ना सोडून पेस्टला परतला.

तेथील सेंट रोकस रुग्णालयात सहा वर्षांत ९३३ बाळंतपणे झाली. सूतिकाज्वराने फक्त ८ माता गेल्या. १८६१ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. त्यात त्याने एक गोष्ट कबूल केली आहे, ती वाचून मन सुन्न होते. त्याने स्वतः फार शवविच्छेदने केली होती. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली गेल्या हे केवळ देवच जाणे, असा त्या कबुलीचा आशय आहे. इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याने ते स्वतःकडे वळविले होते. मला त्याचा खरा मोठेपणा येथे दिसतो.

ग्रंथावर टीकाच अधिक झाली. मग त्याचा तोल सुटला. नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रे लिहून तो त्यांना खुनी ठरवू लागला. मन विकल होत गेले. जुलै १८६५ मध्ये त्याला व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवले गेले. तेथे रखवालदारांनी त्याला मारहाण केली आणि १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, जखम चिघळून रक्तात विष भिनल्याने त्याचा अंत झाला. ज्या प्रकारच्या विषबाधेपासून त्याने हजारो माता वाचविल्या, तिनेच त्याचा बळी घ्यावा, हा केवढा दैवदुर्विलास! दोनच वर्षांनी लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध केले, १८७९ मध्ये पाश्चरने सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले आणि सेमेलवाईस खरा ठरला. १९६९ पासून बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ त्याचे नाव मिरवीत आहे.

आता मी ही गोष्ट का निवडली ते सांगतो. माझी आजी सुईण होती. तिला अक्षरओळख नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. तरुणपणी तिला सरकारी दाई-प्रशिक्षणात साबण, ब्लेड आणि दोरा मिळाला होता. आधी साबणाने हात, मग बाळंतीण, हा नियम तिने शेवटपर्यंत मोडला नाही. नियम कोणी घालून दिला हे तिला ठाऊक नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला ही सारी हकिगत सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, की त्या शिकलेल्या डॉक्टरांनी बायकांना एकदा तरी विचारले होते का, की त्यांना त्या खोलीची भीती का वाटते?

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मित्रहो, पदवी घेऊन उद्या आपण शिक्षक होऊ, कारकून होऊ, कोणी रुग्णालयाच्या कचेरीतही बसू. आपल्यापुढे घाबरून उभ्या राहिलेल्या माणसाला काही ठाऊक आहे असे मानण्याइतकी नम्रता आणि आपल्या चुकांचा हिशेब मांडण्याइतके धैर्य आपल्यात उरले, तर आपले शिक्षण कारणी लागले असे मी समजेन.