कार्डिनल वाइजमन आणि त्यांची ‘फाबिओला’



कादंबरी वाचणे हे ख्रिस्ती मनुष्यास उचित आहे काय, हा प्रश्न आपल्या घरोघर अधूनमधून निघत असतो. आजीच्या हाती जपमाळ आणि नातवाच्या हाती गोष्टीचे पुस्तक असे दृश्य दिसले, म्हणजे थोडी कुरबूर ठरलेलीच. गोष्ट ही कल्पित. तीत वेळ दवडण्यापेक्षा शास्त्राच्या चार ओळी वाचाव्या, असे एक पक्ष म्हणतो. दिवसभर श्रमलेल्या जीवास थोडी करमणूक नको काय, असे दुसरा पक्ष विचारतो. या वादाचा निकाल युक्तिवादाने लावीत बसण्यापेक्षा, ज्या एका थोर धर्माधिकाऱ्याने स्वतःच कादंबरी लिहिली, त्याचे चरित्र या महोत्सवाच्या स्मरणिकेत आपणांपुढे ठेवावे, असे मनात आले. ते धर्माधिकारी म्हणजे वेस्टमिन्स्टरचे पहिले आर्चबिशप कार्डिनल निकोलस वाइजमन हे होत.

निकोलस पॅट्रिक वाइजमन यांचा जन्म ता. २ ऑगस्ट १८०२ रोजी स्पेन देशातील सेव्हिल नगरात झाला. घराणे आयरिश, व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेले. माता मोठी भाविक होती. तान्ह्या बालकास सेव्हिलच्या महामंदिरात नेऊन तिने वेदीवर ठेविले व ख्रिस्तसभेच्या सेवेस अर्पण केले, असे सांगतात. निकोलस अवघा दोन-अडीच वर्षांचा असता, १८०५ साली पित्याचे छत्र हरपले आणि ती विधवा माता मुलांस घेऊन आयर्लंडातील वॉटरफर्ड येथे परतली. १८१० साली इंग्लंडच्या उत्तर भागातील अशा नामक कॅथोलिक विद्यालयात बालकाचे नाव घालण्यात आले. तेथे सुप्रसिद्ध इतिहासकार डॉ. लिंगार्ड यांनी या एकलकोंड्या, पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या मुलावर विशेष माया केली. इतर मुले मैदानावर खेळत, तेव्हा हा वाचनात दंग असे. पुढे जे पीक आले, त्याचे बी येथे पडले.

फ्रेंच सैन्याच्या आक्रमणामुळे रोम शहरातील इंग्रजी सेमिनरी १७९८ साली बंद पडली होती. वीस वर्षांनी, १८१८ साली ती पुनः उघडली, तेव्हा जे पहिले विद्यार्थी धाडण्यात आले, त्यांत सोळा वर्षांचा निकोलस होता. नेपोलियनच्या बंदिवासातून सुटून आलेले वृद्ध पोप सातवे पायस यांनी या तरुणांस भेट देऊन आशीर्वाद दिला. अभ्यासाच्या वेळाव्यतिरिक्त निकोलस रोममधील प्राचीन मंदिरे पाहात फिरे, आणि विशेषेकरून भूमीच्या उदरात खोदलेल्या त्या दफनभूमींत, ज्यांस कॅटाकोम असे म्हणतात, त्याचे मन रमे. अरुंद, काळोखे बोळ. दोहो बाजूंस भिंतींत एकावर एक कोरलेल्या समाध्या. त्यांवर मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिलेली सामान्य ख्रिस्ती जनांची नावे. छळाच्या काळातील आपल्या पूर्वजांचा सहवास त्यास तेथे घडला.

१८२५ साली वाइजमन यांस गुरुदीक्षा मिळाली. पौर्वात्य भाषांतील त्यांची विद्वत्ता अशी की १८२७ साली सिरियाक हस्तलिखितांवरील त्यांच्या ग्रंथाने युरोपातील पंडितांचे लक्ष त्यांजकडे वेधले, आणि १८२८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते त्याच सेमिनरीचे मुख्य झाले. इंग्लंडात १८२९ साली कॅथोलिकांवरील बहुतेक राजकीय बंधने उठली. तेव्हापासून स्वदेशातील दुर्बल कॅथोलिक समाजास पुनः उभे करणे, हाच त्यांचा ध्यास झाला. लंडनमध्ये त्यांनी व्याख्याने दिली. १८३६ साली डॅनियल ओकॉनेल प्रभृतींच्या साह्याने ‘डब्लिन रिव्ह्यू’ हे त्रैमासिक काढिले. १८४० साली ते बिशप झाले व ऑस्कॉट येथील विद्यालयाचे मुख्य म्हणून इंग्लंडात आले. ज्या जॉन हेन्री न्यूमन यांस २०१९ साली ख्रिस्तसभेने संतपद दिले, त्यांस १८४५ साली कॅथोलिक झाल्यावर दृढीकरणाचा संस्कार याच ऑस्कॉटमध्ये वाइजमन यांच्या हस्ते मिळाला.

१८५० साली पोप नववे पायस यांनी इंग्लंडात कॅथोलिक बिशपांच्या धर्मप्रांतांची पुनःस्थापना केली आणि वाइजमन यांस कार्डिनल व वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप नेमिले. आनंदाच्या भरात त्यांनी रोमहून आपल्या प्रजेस एक पत्र धाडिले. त्याची भाषा जरा अधिकच डौलदार होती. इंग्लंडातील प्रॉटेस्टंट जनता त्याने खवळून उठली. पोप आपल्या राज्यावर हक्क सांगतो आहे, अशी आवई उठली. मुख्य प्रधानांनी आगीत तेल ओतले, ता. ५ नोव्हेंबर रोजी कित्येक ठिकाणी पोप व कार्डिनल यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. वाइजमन माघारी फिरले नाहीत. लंडनला येऊन त्यांनी इंग्रज जनतेस उद्देशून एक शांत, सयुक्तिक निवेदन लिहिले. ते वृत्तपत्रांनी छापिले आणि पुष्कळांचा राग निवळला. धर्मप्रांतांच्या पदव्यांविरुद्ध १८५१ साली कायदा झाला खरा, परंतु तो कागदावरच राहिला आणि १८७१ साली रद्द झाला.

आता कादंबरीची हकीकत ऐका. अशा या धामधुमीच्या काळात सामान्य कॅथोलिक कुटुंबांकरिता सुबोध पुस्तकांची एक माला काढण्याचा विचार पुढे आला. वाइजमन यांनी अशी सूचना केली की, ख्रिस्तसभेच्या निरनिराळ्या युगांचे दर्शन घडविणाऱ्या कथा या मालेत असाव्या, आणि पहिली कथा कॅटाकोमच्या युगाची असावी. सूचना करणाऱ्यासच लोकांनी गळ घातली. कार्डिनलांच्या शिरावर अनेक व्यवहार, वाद व प्रवास यांचा भार होता. तरी त्यांनी ते मान्य केले. पुस्तक कसे लिहिले गेले, हे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. ते सकाळी लवकर अथवा रात्री उशिरा, मोठ्या कामास शरीर वा बुद्धी थकली असता, प्रवासातील मुक्कामात, परक्यांच्या घरी, मिळेल त्या तुकड्या-तुकड्या वेळात लिहिले गेले. दुसऱ्या माणसाने तो वेळ विश्रांतीत घालविला असता. १८५४ साली ‘फाबिओला, अथवा कॅटाकोममधील ख्रिस्तसभा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कथेचा काळ चौथ्या शतकाचा आरंभ, सम्राट डायोक्लेशियनच्या छळाचा. फाबिओला ही एका धनाढ्य रोमन गृहस्थाची एकुलती कन्या. सुंदर, सुविद्य, परंतु अतिशय गर्विष्ठ. आरंभीच रागाच्या आवेशात ती आपल्या सिरा नामक दासीच्या दंडावर कट्यार मारते. त्या दासीने उत्तर फिरविण्याचे धैर्य केले, एवढाच तिचा अपराध. दासी ख्रिस्ती आहे, हे मालकिणीस ठाऊक नाही. दासी रागावत नाही, तिच्या मनात सूडही नाही. तिच्या शांत मुद्रेपुढे फाबिओलाचे सर्व तत्त्वज्ञान फिके पडते. हळूहळू तिच्या भोवतालची प्रिय माणसे एकामागून एक प्रभूसाठी प्राण देतात. तिची बालवयीन आप्त आग्नेस, सैन्याधिकारी सेबास्टियन, कोवळा तरुण पांक्राशियस यांचे मरण तिला पाहावे अथवा ऐकावे लागते. अखेरीस तीच दासी आपल्या मालकिणीवर आलेला घाव स्वतःच्या अंगावर घेते, आणि त्या रक्ताने फाबिओलाचा अभिमान धुऊन निघतो. ती बाप्तिस्मा घेते. आरंभीचा घाव व शेवटचा घाव ध्यानात ठेवून जो ही कथा वाचील, त्यास क्षमेविषयी वेगळे प्रवचन ऐकावयास नको.

या पुस्तकातील सर्व काही इतिहास आहे, असे मात्र कोणी समजू नये. फाबिओला व तिची दासी ही पात्रे या कथेपुरती कल्पिलेली आहेत. आग्नेस, सेबास्टियन, पांक्राशियस हे खरोखरचे रक्तसाक्षी. त्यांची नावे ख्रिस्तसभेत पुरातन काळापासून आदराने घेतली जातात. डायोजिनीस नामक जो थडगी खोदणारा कथेत भेटतो, त्याचे नाव व चित्र कॅटाकोमच्या भिंतीवर सापडले होते. त्या एका नावावरून वाइजमन यांनी जिवंत माणूस उभा केला. याच वर्षांत दे रोस्सी हे पुराणवस्तुसंशोधक रोममध्ये संत कॅलिक्स्टसच्या कॅटाकोमचा शोध घेत होते, आणि १८५४ सालीच तेथील प्राचीन पोपांचे समाधिस्थान उजेडात आले. कल्पनेच्या हाताला विद्वत्तेचा असा आधार होता.

आपल्या वेदीसेवक मुलांचा पाठीराखा संत तार्सिसियस याचे उदाहरण घ्या. चौथ्या शतकातील पोप डमासस यांनी त्याच्या समाधीसाठी रचलेल्या लेखात इतकेच कळते की, तो ख्रिस्तशरीर घेऊन जात असता दुष्टांनी ते मागितले, आणि त्याने ते देण्यापेक्षा मरण पत्करिले. त्याचे वय त्या लेखात नाही. वाइजमन यांनी त्यास वेदीसेवक बालक असे रंगविले, आणि आज जगभर मुलांच्या मनात तीच मूर्ती आहे. बालवय कथेने दिले. निष्ठा व मरण मात्र इतिहासाची. हा भेद ओळखून वाचले, म्हणजे कथा सत्याची दासी होते, आणि ‘फाबिओला’तील त्या दासीप्रमाणे धनिणीची सेवा करिते.

पुस्तकाचे स्वागत लेखकाच्या अपेक्षेबाहेर झाले. युरोपातील अनेक भाषांत त्याचे भाषांतर झाले. त्याच मालेकरिता न्यूमन यांनीही आफ्रिकेतील छळावर ‘कॅलिस्टा’ ही कथा लिहिली. विद्वानांनी वाइजमन यांचे मोठमोठे ग्रंथ कपाटात ठेविले. घरातील माणसांनी ‘फाबिओला’ उशाशी ठेविली.

यानंतरची वर्षे सुखाची गेली नाहीत. मधुमेहाने शरीर पोखरले. बाळपणापासूनचे स्नेही आर्चबिशप एरिंग्टन हे १८५५ साली त्यांचे साहाय्यक व वारस नेमले गेले. परंतु उभयतांचे मतभेद विकोपास जाऊन १८६० साली पोपमहाशयांस एरिंग्टन यांस त्या पदावरून दूर करावे लागले. न्याय कोणाचा अधिक, हे येथे ठरवावयाचे नाही. दोन सज्जनांची मने दुभंगली, हे दुःख खरे. क्षमेची अशी सुंदर कथा लिहिणारासही स्वतःच्या आयुष्यात तिचा मार्ग सोपा नव्हता, हे वाचून आपण त्यांस दूषण देऊ नये. आपल्याच घरातील अबोले आठवावे.

या क्लेशांतही लेखणी थांबली नाही. ज्या अशा विद्यालयाने त्यांस बाळपणी आश्रय दिला, त्याचा १८५८ साली सुवर्णमहोत्सव होता. त्या निमित्ताने कार्डिनलांनी संत अलेक्सिस यांच्या चरित्रावर ‘गुप्त रत्न’ या अर्थाच्या नावाचे नाटक रचून दिले. महोत्सव केवळ भाषणांनी व भोजनांनी साजरा करावयाचा नसतो, हे त्यांस माहीत होते.

१८६२ साली जून महिन्यात रोम येथे जपानच्या रक्तसाक्ष्यांस संतपद देण्याचा सोहळा झाला. जगातून आलेल्या शेकडो बिशपांत आजारी वाइजमन हजर होते, आणि पोपमहाशयांस द्यावयाच्या मानपत्राच्या कामी त्यांचा पुढाकार होता. त्या दिवशी ज्यांची नावे उच्चारली गेली, त्यांत १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिलेला आपल्या वसईचा पुत्र संत गोन्सालो गार्सिया होता. तरुणपणी कॅटाकोमच्या काळोखात रक्तसाक्ष्यांची नावे वाचणाऱ्या त्या वृद्धाने आपल्या भूमीतील रक्तसाक्ष्याचे नाव वेदीवर चढताना ऐकिले.

ता. १५ फेब्रुवारी १८६५ रोजी लंडन येथे कार्डिनल वाइजमन प्रभूच्या भेटीस गेले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या देशात त्यांची प्रतिमा जाळली गेली, त्याच देशाच्या राजधानीत त्यांच्या अंत्ययात्रेसाठी रस्त्यांच्या दुतर्फा अलोट जनसमुदाय लोटला होता. १९०७ साली त्यांचे अवशेष वेस्टमिन्स्टरच्या नव्या महामंदिरात हलविण्यात आले.

तर मग कादंबरी वाचावी की नाही? आपल्याच पूर्वजांकडे पाहा. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या लोकांनी ते मंदिरात व घरात गाऊन तारणाची कथा आनंदाने हृदयात साठविली. जे ओवीने केले, ते कथेनेही होऊ शकते. मात्र कथा निवडून वाचावी. जी वाचून प्रार्थनेची रुची वाढते, शेजाऱ्यावरील राग ओसरतो व सद्गुण गोड वाटतो, ती चांगली. ती शास्त्राची व पवित्र मिस्साची जागा घेऊ शकत नाही. परंतु तिकडे जाण्याच्या वाटेवर थकल्या वाटसरूस सावली देते.

म्हणून माझी विनंती एवढीच. या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घराने एक चांगले ख्रिस्ती कथापुस्तक घ्यावे, आणि रात्री जपमाळ झाल्यावर एका मुलाने ते सर्वांस थोडे थोडे वाचून दाखवावे. आजीनेही ऐकावे. रक्तसाक्ष्यांच्या रक्ताने जी ख्रिस्तसभा वाढली, तिची कथा आपल्या ओसरीवर पुनः ऐकू येवो, आणि प्रभू येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.