मेरी क्युरी : रेडियमच्या आधीची लेकीच्या वजनाची वही

मेरी क्युरी म्हटलं की रेडियम आणि दोन नोबेल पारितोषिकं आठवतात. पण रेडियम सापडण्याच्या वर्षभर आधी त्यांना काळजी होती ती तान्ह्या लेकीच्या वजनाची.

मेरी यांचा जन्म १८६७ साली वॉर्सामधला. १८९१ मध्ये त्या शिकायला पॅरिसला आल्या आणि १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झालं. १२ सप्टेंबर १८९७ रोजी आयरीनचा जन्म झाला. बाळंतपण केलं ते सासऱ्यांनी, डॉ. युजीन क्युरींनी.

काम आणि दूध

बाळंतपणानंतर मेरी लवकरच कामाला लागल्या. पोलादाच्या चुंबकत्वावरचं संशोधन पूर्ण करायचं होतं. त्याचबरोबर बाळाला अंगावर पाजणंही सुरू होतं. मुलीचं वजन आणि प्रगती त्या वहीत नोंदवून ठेवत.

पुढे आयरीनचं वजन घटू लागलं. मेरींनी वडिलांना पत्रातून ही काळजी कळवली. वजन नीट वाढलं तर पाजणं चालू ठेवायचं, नाहीतर दूध पाजणारी बाई ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. खर्च झेपणारा नव्हता, मनालाही ते पटत नव्हतं. शेवटी बाई ठेवावीच लागली. त्याच सुमारास मेरींची तब्येतही ढासळली होती. त्यांची आई क्षयाने गेलेली, त्यामुळे डॉक्टरांना तीच शंका होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. दोन पाजण्यांमधलं अंतर फार वाढलं आणि मधल्या वेळेत दूध काढलं गेलं नाही, तर ते हळूहळू कमी होतं. कामावर जाणाऱ्या आईची खरी अडचण हीच असते.

घरचा आधार

आयरीनच्या जन्मानंतर काही दिवसांतच मेरींच्या सासूबाई वारल्या. पुढे सासरे मुला-सुनेसोबत राहू लागले आणि नात त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. डिसेंबर १८९७ मध्ये मेरींनी युरेनियमच्या किरणांवर काम सुरू केलं. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियमचा शोध जाहीर झाला. १९०३ आणि १९११ मध्ये नोबेल मिळालं. १९३४ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी आयरीनलाही पतीसोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मेरींना घरात डॉक्टर सासरे आणि पगारी बाई लाभली. प्रत्येक आईला ते मिळत नाही, म्हणून कायदा लागतो. भारतात १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तिथे आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हा हक्क आहे, तो मागताना संकोच करायचं कारण नाही.