जॉन गॅरंड

जॉन कँटियस गॅरंड (१ जानेवारी १८८८ – १६ फेब्रुवारी १९७४) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन यंत्रज्ञ व शस्त्ररचनाकार होते. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियन युद्धात अमेरिकन पायदळाचे मुख्य शस्त्र असलेली एम१ ही अर्धस्वयंचलित रायफल त्यांनी घडवली. ती 'एम१ गॅरंड' या नावाने प्रसिद्ध आहे. गॅरंड हे रायफलीचे रचनाकार असले, तरी त्यांच्या कामातील बहुतेक महत्त्वाची वळणे काडतुसामुळे आली. वरवर एकसारखी दिसणारी काडतुसे प्रत्यक्षात एकसारखी नसतात, ही अडचण त्यांच्यापुढे वारंवार उभी राहिली आणि त्यांच्या मृत्यूनंतरही ती त्यांच्या रायफलीला चिकटून राहिली आहे.

प्रारंभिक जीवन

गॅरंड यांचा जन्म क्विबेक प्रांतातील सेंट-रेमी येथे एका फ्रेंचभाषक कुटुंबात झाला. ते बारा भावंडांपैकी एक होते. १८९९ मध्ये आईचे निधन झाल्यावर वडील मुलांसह अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील ज्युएट सिटी या गावी स्थायिक झाले. तेथील कापड गिरणीत झाडलोटीचे काम करता करता गॅरंड इंग्रजी शिकले आणि मोकळ्या वेळात यंत्रांची माहिती करून घेत पुढे त्याच गिरणीत यंत्रकारागीर झाले. नंतर प्रॉव्हिडन्स येथील ब्राऊन अँड शार्प या यंत्रावजारांच्या कारखान्यात त्यांनी काम केले. अचूक मोजमापाची शिस्त त्यांना येथे लागली. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. नेमबाजीचा मात्र त्यांना तरुणपणापासून छंद होता.

स्प्रिंगफील्ड शस्त्रागार

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर लष्कराने हलक्या मशीनगनसाठी आराखडे मागवले. गॅरंड यांचा आराखडा पसंत पडला व त्यांना वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत नेमण्यात आले. नमुना तयार होईपर्यंत युद्ध संपले होते, पण त्यांचे कौशल्य अधिकाऱ्यांच्या नजरेत भरले होते. १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. १९२० मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

त्या वेळी अमेरिकन लष्कराचे प्रमाणित काडतूस .३०-०६ हे होते. त्यातील '०६' हे १९०६ सालाचे निदर्शक आहे. त्याआधीच्या .३०-०३ या काडतुसाच्या पुंगळीची मान किंचित लांब होती. नवे, आखूड मानेचे काडतूस जुन्या रायफलीत उडवता येई, पण जुने काडतूस नव्या रायफलीच्या चेंबरमध्ये बसत नसे. त्यामुळे आधी तयार झालेल्या रायफलींच्या नळ्या कापून त्यांचे चेंबर पुन्हा कोरावे लागले होते. अदलाबदल एकाच दिशेने चालते, हा धडा शस्त्रागाराला गॅरंड येण्यापूर्वीच मिळालेला होता.

प्रायमरवर चालणारी रायफल

गॅरंड यांच्या सुरुवातीच्या रायफलींची रचना वेगळीच होती. गोळी सुटताना पुंगळीच्या बुडाशी बसवलेला प्रायमर दाबामुळे किंचित मागे सरकतो. ही अल्प हालचाल वापरून त्यांनी बोल्टचे कुलूप उघडण्याची युक्ती योजली. तिच्यामुळे वायूसाठी वेगळी नळी किंवा दट्ट्या लागत नसे, आणि शस्त्र सुटसुटीत राही. १९२० च्या दशकात या तत्त्वावरील रायफलींच्या लष्करी चाचण्या झाल्या व त्या आशादायक ठरल्या.

त्याच सुमारास लष्कराने काडतूस बदलले. नव्या काडतुसात क्रमाक्रमाने जळणारी दारू भरली जाऊ लागली आणि प्रायमर जागेवरून हलू नये म्हणून तो पुंगळीच्या धातूत घट्ट दाबून बसवला जाऊ लागला. काडतुसाचे नाव, लांबी व बाह्य मापे तीच होती, आणि साध्या बोल्टच्या रायफलीला या बदलाने काही फरक पडत नव्हता. गॅरंड यांची सारी यंत्रणा मात्र प्रायमरच्या हालचालीवर उभी होती आणि ती हालचालच आता बंद झाली. त्यांनी हा मार्ग सोडून नळीच्या तोंडाशी येणाऱ्या वायूच्या दाबावर चालणारी रचना हाती घेतली. एम१ रायफलीचा पाया अशा रीतीने घातला गेला.

.२७६ की .३०?

स्प्रिंगफील्ड येथेच जॉन पेडरसन हे नामवंत रचनाकारही अर्धस्वयंचलित रायफलीवर काम करत होते. त्यांनी .२७६ इंच व्यासाचे हलके काडतूस तयार केले होते. भूल दिलेल्या डुकरांवर व पुढे बोकडांवर झालेल्या चाचण्यांत या काडतुसाची परिणामकारकता समाधानकारक ठरली. पेडरसन यांच्या रायफलीला मेणाचा लेप दिलेली काडतुसे लागत, गॅरंड यांच्या.२७६ रायफलीला ती लागत नसत. जानेवारी १९३२ मध्ये चाचणी मंडळाने गॅरंड यांची .२७६ रायफल पसंत केली. तिच्यात एका वेळी १० काडतुसे मावत.

परंतु फेब्रुवारी १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी काडतूस बदलण्यास नकार दिला. .३०-०६ चा मोठा साठा शिल्लक होता, कारखान्यांची यंत्रे त्याच मापाची होती, मशीनगनही तेच काडतूस वापरत आणि मंदीच्या काळात पैशाची चणचण होती. गॅरंड यांनी .३० मापाच्या नमुन्यावरील काम पूर्णपणे थांबवले नव्हते, म्हणून हा निर्णय त्यांच्या पथ्यावर पडला आणि पेडरसन स्पर्धेबाहेर गेले. जाड काडतुसामुळे रायफलीची क्षमता ८ काडतुसांवर आली. ९ जानेवारी १९३६ रोजी ती 'एम१' या नावाने लष्कराची प्रमाणित रायफल ठरली.

ज्या साठ्याचा हवाला दिला गेला, त्याची पुढील हकीकत उद्बोधक आहे. महायुद्धकाळातील १५० ग्रेन वजनाच्या गोळीचा पल्ला कागदावरील आकड्यापेक्षा बराच कमी भरल्यामुळे लष्कराने १९२० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १७४ ग्रेन वजनाची, निमुळत्या बुडाची गोळी स्वीकारली होती. या काडतुसालाही 'एम१' असेच नाव होते, त्यामुळे रायफल व काडतूस यांच्या नावांत आजही वाचकांचा गोंधळ होतो. सरावासाठी आधी जुना साठा वापरला गेला. तो संपत आला तेव्हा नव्या गोळीचा पल्ला इतका मोठा असल्याचे दिसून आले, की अनेक सराव मैदानांच्या सुरक्षित हद्दीत ती मावेना. अखेरीस लष्कर पुन्हा सुमारे १५० ग्रेनच्या सपाट बुडाच्या गोळीकडे वळले व १९४० मध्ये 'एम२' काडतूस प्रमाणित झाले. एम१ रायफल दुसऱ्या महायुद्धात मुख्यतः याच मालिकेतील काडतुसांवर लढली.

उत्पादन आणि युद्ध

पहिल्या रचनेत नळीच्या तोंडाबाहेर पडणारा वायू एका टोपणात पकडला जाई. हा भाग सैल होई व त्यात काजळी साचे. १९४० पासून नळीलाच बारीक छिद्र पाडून वायू घेण्याची पद्धत आली आणि आधीच्या रायफलींपैकी बहुतेकांत तसा बदल करण्यात आला. उत्पादनासाठी लागणारी अनेक यंत्रे व जोडण्या गॅरंड यांनी स्वतः आखल्या. हे काम रायफलीच्या रचनेइतकेच मोलाचे होते, परंतु त्याची चर्चा फारशी होत नाही. युद्धकाळात सुमारे ४० लाख व एकूण सुमारे ५४ लाख एम१ रायफली तयार झाल्या.

उधार-भाडेपट्टा योजनेखाली काही एम१ ब्रिटनलाही गेल्या. ब्रिटिश सैन्याचे काडतूस .३०३ होते. (भारतात पोलिसांच्या हाती अनेक दशके दिसलेली रायफल याच काडतुसाची.) नावातील आकडे जवळचे असले, तरी .३०३ व .३०-०६ ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चुकीचे काडतूस भरले जाऊ नये म्हणून ब्रिटनमधील अमेरिकन मापाच्या रायफलींवर लाल पट्टा रंगवला जाई.

गॅरंड यांनी रायफलीचे हक्क सरकारला देऊन टाकले होते. पगारापलीकडे त्यांना मानधन मिळाले नाही. त्यांना १,००,००० डॉलर देण्याचे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. १९४४ मध्ये त्यांना 'मेडल फॉर मेरिट' हा सन्मान मिळाला.

उत्तरकाल

युद्धाच्या शेवटी त्यांनी टी२० या स्वयंचलित नमुन्यावर काम केले. १९५७ मध्ये स्वीकारलेल्या एम१४ रायफलीची वंशावळ येथपर्यंत जाते. गॅरंड १९५३ मध्ये निवृत्त झाले. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्ड येथे त्यांचे निधन झाले. ज्या शस्त्रागारात त्यांनी हयात घालवली, ते १९६८ मध्येच बंद झाले होते. आता तेथे संग्रहालय आहे.

रायफल आणि बाजारातील काडतुसे

१९५४ मध्ये नाटोने ७.६२×५१ मिमी हे आखूड काडतूस स्वीकारले. त्याचेच नागरी रूप .३०८ विंचेस्टर या नावाने १९५२ पासूनच विक्रीस होते. दोन्हींची बाह्य मापे जवळपास सारखी आहेत, पण लष्करी चेंबरमध्ये लांबीची मोकळीक जास्त ठेवलेली असते आणि लष्करी पुंगळीचा पत्रा सहसा जाड असतो. शिवाय दोघांचे दाब वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले गेल्याने आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांची फसगत होते. अमेरिकन नौदलाने जुन्या एम१ रायफली ७.६२ साठी बदलताना प्रथम चेंबरमध्ये धातूची बाही बसवली. ही बाही कधी कधी रिकाम्या पुंगळीबरोबर बाहेर पडे, म्हणून पुढे नव्या नळ्याच बसवण्यात आल्या.

लष्कराने सेवामुक्त केलेल्या एम१ रायफली मोठ्या संख्येने अमेरिकन नागरी नेमबाजांकडे गेल्या. दुकानात मिळणारे शिकारीचे .३०-०६ काडतूस त्यांच्या चेंबरमध्ये व्यवस्थित बसते व त्याचा चेंबरमधील कमाल दाबही बोल्टच्या रायफलीस पेलेल इतकाच असतो. अडचण पुढे येते. जड गोळीमागे भरलेली मंद जळणारी दारू नळीच्या तोंडाजवळही मोठा दाब टिकवून ठेवते, आणि एम१ चे वायूछिद्र नेमके तेथेच आहे. त्यामुळे ऑपरेटिंग रॉड प्रमाणाबाहेर जोराने मागे फेकला जातो. तो वाकू शकतो किंवा रायफलीच्या मुख्य सांगाड्याच्या मागील भागास इजा पोहोचू शकते. दुसरा धोका प्रायमरचा आहे. एम१ ची फायरिंग पिन स्प्रिंगशिवाय मोकळी असल्याने बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकेच टोचते. लष्करी प्रायमर हे सोसण्याइतका कठीण असतो. बाजारातील नाजूक प्रायमर क्वचित चाप न ओढताही पेट घेऊ शकतो.

उलट बाजूने, महायुद्धकाळातील लष्करी .३०-०६ काडतुसांच्या प्रायमरमधील क्षार नळीत मागे राहून गंज धरतात. तोवर अमेरिकन बाजारात गंज न आणणारे प्रायमर रुळले होते, पण लष्कराने टिकाऊपणासाठी जुनेच मिश्रण चालू ठेवले होते. अशा साठ्यातील काडतुसे उडवल्यावर नळी पाण्याने धुणे आवश्यक असते, केवळ तेल पुसून भागत नाही.

या कारणांमुळे एम१ साठी १५० ग्रेनच्या आसपासची गोळी सुचवली जाते. अधिक जोरदार काडतुसे वापरू इच्छिणारे काही नेमबाज जादा वायू बाहेर सोडणारा, कमीजास्त करता येणारा प्लग बसवतात. काही अमेरिकन कंपन्या एम२ च्या धर्तीवर सौम्य भरणीची काडतुसे वेगळी बनवतात व त्यांच्या खोक्यांवर 'एम१ गॅरंड' असे छापलेले असते.